साखर पेठेतल्या मामांना, पंखा बंद केल्याबद्दल

मामा,

तुम्ही नाव लिहू नको म्हणालात म्हणून लिहीत नाही, पण आभार चार लोकांसमोरच मानायचेत, कारण त्या दिवशी दुकानात माझ्या तोंडातून धड शब्द निघाला नाही, रडू येईल म्हणून उगाच पर्समध्ये काहीतरी शोधत बसले होते.

मी टॉवेलची जेकार्ड, म्हणजे मागावर विणतानाच उमटणारी, डिझाईन करते. मे महिना, त्यात सोलापूरचं ऊन, कॉम्प्युटर तापून सारखा बंद पडायला लागला, म्हटलं आपणच आतल्या प्रोसेसरवरचा कूलर काढून दोघांमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलू. चार वर्षांची पेस्ट, वाळून पार डिंक झालेली. कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसरच त्याला चिकटून उपटून आला, सॉकेटची, म्हणजे तो बसतो त्या खाचेची, दांडी लावलेली असताना! आणि वर हातातनं निसटून फरशीवर. रायझन ५ ३६००, खाली १३३१ पिना, त्यातल्या एका कोपऱ्यातल्या पंधरा-वीस आडव्या.

पहिलं दुकान मोठ्या काचेचं, एसीचं. तिथल्या पोरानं भिंग सोडा, ट्यूबलाइटखालीसुद्धा नीट धरला नाही, "डेड आहे मॅडम, नवीन घ्या," आणि वर "घरात कुणी जेन्ट्स नव्हतं का खोलायला?" चेकिंगचे तीनशे घेतले. कसलं चेकिंग बे? दुसऱ्यानं निदान हात तरी लावला, पण चिमट्यानं अशी दाबली की एक पिन तुटूनच पडली, मग म्हणतो आधीचीच तुटलेली होती.

तुम्ही मात्र आधी "बसा की वो ताई" म्हणालात. मग उठून पंखा बंद केलात. मला कळेना, बेचाळीस डिग्रीत पंखा का बंद करतोय हा माणूस. वारं लागून टेबलावरचा लोंबता बल्ब हलायचा आणि पिनांच्या सावल्या नाचायच्या, म्हणून. पाऊण तास तुम्ही बाहीनं घाम पुसत शिसं काढलेल्या पेन पेन्सिलीचं टोक एकेका पिनेवर चढवून इतकुसं इतकुसं सरळ करत होतात, मधेच ओळींतून ब्लेड फिरवून बघायचं, अडकलं की परत तीच पिन. "एका दमात सरळ करायची नाही, वाकून परत वाकली की तुटते." हे कुठं शिकलात विचारलं तर हसलात, घरी चार माग होते, फणीची तार वाकली की सरळ करायचं काम लहानपणी तुमच्याकडंच. हे ऐकून मला एकदम बरं वाटलं, का ते सांगता येत नाही.

तुटलेल्या पिनेचं तर मी सोडूनच दिलं होतं. तुम्ही मोबाईलवर नकाशा काढून मोजून दाखवलंत, ही ग्राउंडची, म्हणजे करंटच्या परतीच्या वाटेची, असल्या पुष्कळ असतात, एक गेली तर चालून जाईल.

पण मामा, मला खरं आठवतं ते नंतरचं. सगळं झालं, आता तुम्ही बसवणार, तर प्रोसेसर कडेनं धरून माझ्यापुढं केलात. "तुमच्या हातनं पडला ना, तुमच्याच हातनं बसवा." हात थरथरत होता माझा. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाला लावला, सोडला, आणि तो आपोआप खाली बसला, दाबावंसुद्धा लागलं नाही. दांडी पण मीच खाली केली. त्या पोराच्या "जेन्ट्स"नं जे आत टोचलं होतं ना, ते तिथं निघालं. पुढच्या वेळी दहा मिनिटं कॉम्प्युटर चालवून पेस्ट गरम करा, मग बंद करून कूलर डावी-उजवी फिरवत काढा, हे पण सांगितलंत, म्हणजे पुढच्या वेळी मीच काढणार हे तुम्ही धरूनच चालला होतात!

हुशार माणसं आपल्या गावात पैशाला पासरी मिळतील, पण समोरच्याची चूक दिसत असून तिला चूक न म्हणणारी फार थोडी. पाचशे काढले तर दीडशे घेतलेत आणि चहा पाजलात, तो वेगळाच.

अडकलेली डिझाईन त्याच रात्री पूर्ण केली, पिन तुटूनही सोळाच्या सोळा जीबी रॅम दिसतीय, मशीन टकाटक. लूमवरनं पहिला टॉवेल उतरला की तुमच्याकडं घेऊन येते. पंखा बंद केल्यावर घाम पुसायला.

तुमची,
जुळे सोलापूरची ताई