‘१२० किलोवॉट’ची पाटी पुरेशी नाही

महोदय,

राज्याच्या २०२५ च्या ई-वाहन धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंग केंद्राचे उद्दिष्ट आहे. ती केंद्रे कार कंपन्यांनी चालवावीत की स्वतंत्र चार्जिंग कंपन्यांनी, हा वाद त्यानिमित्ताने रंगतो आहे.

कार कंपनीच्या लेखी चार्जर हा गाडी खपवण्याचा खर्च असतो. तो बंद राहिला तर पुढचे गिऱ्हाईक बिचकते, म्हणून दुरुस्तीची निकड तिला जास्त. स्वतंत्र कंपनी कमावते युनिटमागे. दिवसाला चार गाड्या येणाऱ्या आडवाटेच्या ठिकाणी तंत्रज्ञ पाठवणे तिला जिवावर येते. शिवाय तिच्या चार्जरला प्रत्येक कंपनीच्या गाडीशी जमवून घ्यावे लागते. सीसीएस-२ गन (जलद चार्जिंगसाठी गाडीला लावायचा प्लग) सगळीकडे सारखी असली, तरी वीज सुटण्याआधी गाडी आणि चार्जर यांच्यात माहितीची देवाणघेवाण होते, मग इन्सुलेशनची, म्हणजे वीज कुठे गळत तर नाही ना याची, तपासणी. गनमध्ये पावसाचा ओलावा असेल तर गाडे इथेच अडते. तेव्हा ॲपवर ‘स्टार्ट’ बडवत बसू नये; सेशन बंद करून गन काढावी, गाडी लॉक करून मिनिटभर थांबावे आणि शेजारची गन लावून पाहावी.

टेस्लाने ऑगस्ट २०२५ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात २५० किलोवॉटपर्यंतचे सुपरचार्जर सुरू केले, तेही टेस्लापुरतेच. याच कंपनीने नेदरलँड्समध्ये २०२१ सालीच इतरांच्या गाड्यांना प्रवेश दिला होता! टाटांच्या मेगा चार्जरची रीत त्यापेक्षा शहाणपणाची वाटते: चालवणार चार्जिंग कंपन्या, खुले सर्वांना, टाटांच्या गाड्यांना प्राधान्य आणि सवलत. अर्थात, दार उघडले की सगळ्यांच्या गाड्यांशी जमवण्याची कटकट आलीच.

वेगाचा हिशेब मात्र दोन्हीकडे लपवला जातो. ६० किलोवॉटच्या चार्जरला दोन गन असतील, तर दुसरी गाडी लागताच वाट्याला ३० येतात. ४५ युनिटच्या बॅटरीला २० वरून ८० टक्क्यांवर न्यायला २७ युनिट लागतात. म्हणजे अर्ध्या तासाचे काम तासावर जाते. पाटीवर १२० असले तरी गनची मर्यादा २०० अँपिअर असेल, तर ३५० व्होल्टच्या बॅटरीला ७० किलोवॉटच्या (व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट) वर मिळत नाही.

म्हणून सरकारी जागा किंवा अनुदान घेणाऱ्या प्रत्येक केंद्राला, मग ते कोणाचेही असो, काही अटी घालाव्यात. प्रत्येक गनवर किलोवॉट आणि अँपिअर लिहावेत. ॲप न उतरवता, वॉलेटमध्ये पैसे न अडकवता थेट यूपीआयने बिल भरता यावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ॲपमध्ये नुसते ‘उपलब्ध’ दाखवू नये. चार्जरचा सर्व्हरशी संपर्क आहे, एवढाच त्याचा अर्थ बरेचदा असतो. गन तुटलेली असली तरी खूण हिरवीच राहते. त्या गनवर शेवटची गाडी नीट चार्ज कधी झाली, ती वेळ तिथे दिसली पाहिजे.

— एक वाचक, पुणे