दुसऱ्या मजल्यावरच्या ताईस

नाशिकरोड

प्रिय ताई,

समोर आभार मानायला गेलो की "काय काका, एवढ्याशा कामाचं!" म्हणत तू जिना चढून पसार होतेस. म्हणून चार लोकांदेखत लिहितोय. आता वाचावंच लागेल.

माझा कॉम्प्युटर 2012 सालचा, असेंबल केलेला, 500 जीबीची हार्ड डिस्क. प्रेसमधून रिटायर झाल्यापासून कॅमेरा हाच माझा उद्योग, आणि त्या डिस्कमध्ये सगळा गोदाघाट भरलेला. 2015च्या सिंहस्थातल्या पहाटा, रंगपंचमीच्या रहाडी (रंगाच्या पाण्याने भरलेले जुने हौद), 2019च्या ऑगस्टमध्ये नदीपात्रातला दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला तो पूर. शेवटी शेवटी एक नवा फोटो टाकायचा तर दोन जुने पुसावे लागत. बाजारात एका दुकानात विचारलं, तर डबा न उघडताच उत्तर मिळालं, "भंगार आहे, नवा घ्या."

तू खाली आलीस तेव्हा मी मोठ्या उत्साहाने स्क्रू ड्रायव्हर पुढे केला. तू तो घेतलाच नाहीस. विचारलंस, "काका, हे फोटो आणखी कुठे आहेत?" कुठे असणार? इथेच! मग तू वर जाऊन तुझी एक टीबीची पोर्टेबल डिस्क घेऊन आलीस. आधी हे उतरवू, मग बाकीचं. जुन्या यूएसबीतून तीनशे जीबी जायचे. नऊला लावलं ते मध्यरात्र उलटून गेली. पोरगी उगाच घोळ घालतेय, असं मी हिच्याजवळ बोललोसुद्धा. दुसऱ्या दिवशी तू डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर चालवलंस आणि पिवळी खूण आली. काही सेक्टर, म्हणजे माहिती ठेवायचे छोटे कप्पे, खराब झाले होते, डिस्क राखीव जागेवर दिवस काढत होती. मी गप्प बसलो. हिने माझ्याकडे बघितलं, तेवढं पुरलं.

मला चार टीबीची एकच डिस्क हवी होती, एकदाच काय ते घेऊन टाकू म्हणून. तू म्हणालीस, सगळे पैसे जागेत घालू नका. विंडोजसाठी 240 जीबीची एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती ठेवणारी डिस्क, फोटोंसाठी 2 टीबीची हार्ड डिस्क. बोर्डावरचे साटा पोर्ट, म्हणजे डिस्क जोडायच्या जागा, जुने, 3 गिगाबिटचे, त्यामुळे एसएसडी पूर्ण वेगाने पळणार नाही, हेही तू आधीच सांगितलंस. पण आत तबकडी फिरत नाही, माहिती शोधायला हेड इकडून तिकडे धावत नाही, म्हणून फरक जाणवेल म्हणालीस. जाणवला. पूर्वी बटण दाबून चहा प्यायला जायचो, आता आधण यायच्या आत स्क्रीन तयार असते.

आणि काम तू केलं नाहीस, माझ्याकडून करून घेतलंस. प्लग काढा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, मगच आत हात घाला. केबलचं टोक इंग्रजी एलसारखं आहे, उलटं बसणार नाही, जोर लावू नका. आतली धूळ बघून मात्र मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खरी परीक्षा तू कॉलेजला गेल्यावर झाली. 2 टीबीची डिस्क जोडली, कॉम्प्युटर सुरू केला, आणि ती कुठेच दिसेना. झालं, पैसे बुडाले! फोन लावला. तू वर्गाबाहेर येऊन शांतपणे म्हणालीस, "डिस्क मॅनेजमेंट उघडा. तिला अजून इनिशियलाइज, म्हणजे वापरासाठी तयार, केलेलं नाही, म्हणून दिसत नाही. पण कशावरही क्लिक करायच्या आधी आकडा वाचून दाखवा." मी वाचला, 1863 जीबी. आयुष्य नोटांच्या प्रेसमध्ये गेलेला माणूस मी. तिथे एक कागद कमी भरला तरी कुणी घरी जात नाही. इथे तर दोन हजारांतले 137 जीबी गायब! दुकानदाराच्या नावाने सुरू होणार, तोच तू सांगितलंस की कंपनी हजाराने मोजते, विंडोज 1024ने मोजतं, माल तेवढाच आहे. आकडा वाचायला लावलास तो माझी समजूत घालायला नव्हे, चुकून जुनी डिस्क फॉरमॅट होऊ नये म्हणून, हे माझ्या डोक्यात रात्री शिरलं.

विंडोज 10चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, ऑक्टोबर 2025मध्ये संपला, तेव्हा या मशीनवर बँकेचं काही करू नका, ही तुझी ताकीदही पाळतोय. फोटोंना काय, त्यांना बँक लागत नाही. 2027च्या सिंहस्थापुरती जागा आता निघाली.

पैसे तू घेतले नाहीस. चिवड्याचा डबा रिकामा परत आला, त्यावरून एवढं कळलं की काहीतरी तुझ्यापर्यंत पोचलं.

तुझी डिस्क अजून माझ्याकडेच आहे. नवीवर सगळं आलंय, फाइलींची संख्या दोनदा ताडून पाहिली. तरी तुझ्या डिस्कवरचं पुसायला हात धजत नाही. जुनी आता भरवशाची नाही, मग दुसरी प्रत कुठे ठेवायची ते सांगायला एकदा खाली ये. रविवारी मिसळ आहे.

तुझा,
तळमजल्यावरचा काका