येझदीचा धूर आणि बोअरची घाई

महोदय,

म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला, तरी जुन्या येझदी-जावा मोटारसायकली विकत घेऊन घरीच इंजिन उघडणारे हौशी तरुण वाढत आहेत. हौस चांगलीच, पण गाडी धूर सोडते म्हणजे बोअर (पिस्टन फिरतो ती सिलिंडरची पोकळी) झिजून गेला, असे धरून थेट लेथवाल्याकडे धावू नये. या 250 सीसी टू-स्ट्रोक इंजिनात धुराचे मूळ बऱ्याचदा क्रँकच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या, डाव्या ऑइल सीलमध्ये (ऑइल अडवणाऱ्या रबरी कड्यात) असते. सील कडक झाले, की क्रँकचेंबर (क्रँक फिरतो ती बंद पेटी) गिअरचे ऑइल ओढून घेते. गिअर ऑइलची पातळी उतरते, जमिनीवर मात्र थेंब दिसत नाही. उजवीकडचे, डायनॅमोच्या बाजूचे सील गेले तर हवा शिरते, पेट्रोल कमी पडते आणि पिस्टन जाम होतो.

चेंबर उघडलेच तर दोन्ही सील आणि मेन बेअरिंग एकदमच बदलावीत. चेंबरच्या दोन अर्ध्यांमधल्या फटीत स्क्रूड्रायव्हर घालून ठोकणे हा तर गुन्हाच. तिथला ओरखडा पॅकिंगने भरत नाही.

बोअर मारायचाच (सिलिंडर आतून कातून घ्यायचाच) असेल तर पिस्टन आधी घेऊन लेथवाल्याच्या हाती द्यावा. पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांच्या) कडा घासून घ्याव्यात, नाहीतर धारेत पिस्टनची रिंग अडकून तुटते. 65 मिमीच्या बोअरमध्ये नुसती रिंग सरळ बसवून टोकांमधली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजावी. पाव मिलिमीटरच्या आसपास हवी. गजन पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) सर्कलिप, म्हणजे तिला अडवणाऱ्या स्प्रिंगच्या कड्या, नव्याच घालाव्यात, आणि घालताना चेंबरच्या तोंडावर फडके ठेवावे, म्हणजे सर्कलिप आत पडणार नाही.

– एक वाचक, सांगली