ओव्हरचा तास कुणाच्या खात्यावर?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

रात्री ८ वाजता माझी इव्हिनिंग संपते, असं ड्यूटी लिस्ट म्हणते. खरं तर ८ वाजता नाईटची सिस्टर येते आणि आमचं ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीकडे वॉर्ड सोपवणं, सुरू होतं. ३० खाटांचा मेडिकल वॉर्ड, शिवाय खाली गाद्यांवर आठ-दहा जण. एकेकापाशी थांबून सांगायचं: यांची शुगर १० वाजता बघ, हिची युरिन कमी झालीय, डॉक्टरांना कळवलंय, त्या आजोबांचं अजून कुणी आलेलं नाही. मग इमर्जन्सी ट्रॉली, ऑक्सिजन सिलिंडर, कुलपातली इंजेक्शनं मोजून दोघींच्या सह्या. एक अँप्यूल कमी भरला तर तो सापडेपर्यंत कुणी हलत नाही. यात ९ वाजतात. हा तास कुठल्याच रजिस्टरात नाही.

आमच्याकडे मॉर्निंग ८ ते २, इव्हिनिंग २ ते ८ आणि नाईट ८ ते ८. इव्हिनिंगला जोडून दुसऱ्या दिवशी मॉर्निंग लागली, तर कागदावर मध्ये बरोब्बर १२ तास मिळतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९७७ साली परिचारिकांसाठी जी शिफारस केली, तीत दोन पाळ्यांमध्ये किमान सलग १२ तास विश्रांती सांगितली आहे. म्हणजे हिशेब अगदी चोख! पण ९ ला सुटून एसटीने घरी पोचायला सव्वादहा होतात. भांडी, मुलाचा उद्याचा डबा, अंथरुणाला पाठ टेकायला साडेअकरा. पहाटे ५ ला पुन्हा गॅससमोर. उरली साडेपाच तासांची झोप, तीही लागली तर.

नाईट तर ओव्हर धरून १३ तासांची. त्याच शिफारशीत जादा काम धरूनही दिवसाला १२ तासांची मर्यादा आहे. मागे सलग तिसऱ्या नाईटला पहाटे ५ वाजता अँटिबायोटिकची पावडर विरघळवायला मी डिस्टिल्ड वॉटरचा अँप्यूल घेतला, असं मला वाटलं. हातात पोटॅशियम क्लोराइड होतं. तोच प्लॅस्टिकचा अँप्यूल, तेच १० मिली. टोक मोडण्याआधी लेबल वाचायची सवय आहे म्हणून थांबले. ते थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडतं. पुढची पाच मिनिटं मी ट्रॉली धरून उभी होते आणि मागून हाका येत होत्या, "सिस्टर, सलाईन संपलं हो."

तुम्ही म्हणाल, मग नाईट ८ तासांची करू. घाई करू नका. आमच्यातल्या कितीतरी जणींनाच ती नको आहे. रात्री ११ ला पाळी बदलली तर घरी जायचं कशाने? रुग्णालयाची गाडी नाही, क्वार्टर्स पुरत नाहीत. त्यापेक्षा नाईटला वॉर्डात दोघी द्या, म्हणजे एकीला तासभर आडवं होता येईल. साध्या रुग्णालयात ५ खाटांमागे एक परिचारिका, हा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. मी तो मागतच नाही. ४० पेशंटमागे दोघी मागतेय.

बाकीच्या गोष्टींना तर पैसाही फारसा लागणार नाही. पाळ्या अर्ध्या तासाने एकमेकींवर चढवा आणि ओव्हर ड्यूटीत धरा. इव्हिनिंगला जोडून मॉर्निंग लावायची नाही, असं परिपत्रक काढा. ड्यूटी लिस्ट महिनाभर आधी लावा. आणि नाईट उतरल्याचा दिवस साप्ताहिक सुट्टी म्हणून मोजणं थांबवा. सकाळी ९ ला घरी येऊन दुपारपर्यंत झोपलेल्या बाईची ती कसली सुट्टी? फेब्रुवारी २०२० मध्ये राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला, तेव्हा रुग्णालयं वगळली. ते समजू शकतं, वॉर्डाला शनिवार-रविवार नसतो. पण मिळते ती सुट्टी तरी सुट्टी असावी.

खासगी नर्सिंग होममधल्या मुलींना तर १२ तासांची ड्यूटी सर्रास असते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून २०१६ साली नेमलेल्या केंद्राच्या समितीने त्यांचे कामाचे तास सरकारी परिचारिकांइतकेच असावेत असं सुचवलं होतं. ती फाईलही एकदा मागवून बघा.

वर्तणूक नियम आड येतात, म्हणून खाली नाव लिहीत नाही. परिपत्रक काढायला ते लागणारही नाही.

आपली,
एक अधिपरिचारिका
(सेवा १७ वर्षे, सध्या मेडिकल वॉर्ड)