तिसऱ्या कडव्याआधी थांब

बर्मिंगहॅम

चि. मृण्मयीस अनेक आशीर्वाद.

स्टॉकिंगचा, म्हणजे कुणाच्या तरी मागे लागून छळण्याच्या विषयाचा, तास गाण्यावरून कसा घ्यायचा, असं विचारलंस. एकच गाणं घे, अमेरिकी रॅपर एमिनेमचं २००० सालचं ‘स्टॅन’. पावणेसात मिनिटांचं आहे, पण अख्खा तास पुरतं. पहिली तीन कडवी म्हणजे स्टॅन नावाच्या एका चाहत्याचे गायकाला निरोप. चौथं गायकाचं उत्तर, तेही फार उशिरा आलेलं. व्हिडिओ लावू नकोस. चित्रं दिसली की मुलं शब्द ऐकत नाहीत.

आधी दोनच कडवी ऐकव आणि मुलांना मायन्याकडे लक्ष द्यायला सांग. पहिलं पत्र लाघवी. दुसऱ्यात उत्तर न आल्याचा राग, छातीवर गोंदलेलं नाव, स्वतःला कापून घेणं, आणि ता.क. मध्ये आपण दोघांनी एकत्र असायला हवं अशी मागणी. तिसऱ्याचा मायनाच टोमणा आहे, पण त्याआधी गाणं थांबव. प्रत्येकाला चिठ्ठीवर लिहू दे: धोका कुणाला?

बहुतेक जण ‘गायकाला’ लिहितात. मग तिसरं कडवं लाव. स्टॅन दारू पिऊन गाडी चालवतोय, कॅसेटवर बोलतोय आणि डिकीत त्याची गरोदर मैत्रीण आहे. ती गरोदर असल्याचं पहिल्याच कडव्यात येतं, तिची कुरबुर दुसऱ्यात. खुणा समोरच होत्या. म्हणून फळ्यावर धोक्याचे तीन रकाने आखायचे: ज्याच्या मागे लागलाय तो, घरातली माणसं आणि तो स्वतः.

मानसोपचारतज्ज्ञ पॉल मलनने स्टॉकिंग करणाऱ्यांचे पाच प्रकार केलेत, त्यांपैकी हा जवळीक शोधणारा, पुढे आकसाकडे झुकणारा. मुलं लगेच ‘इरोटोमॅनिया’ म्हणतील. ते मान्य करू नकोस. समोरचा आपल्यावर प्रेम करतो अशी ठाम भ्रामक खात्री इथे दिसत नाही. तो उत्तरासाठी विनवतोय. दुसरी चूक म्हणजे गायकाचंच निदान करणं. फळ्यावर फक्त पात्राचं नाव लिही. वर्गात कुणी असा छळ किंवा स्वतःला इजा करणं अनुभवलेलं असू शकतं, तेव्हा विषय आदल्या दिवशी सांग आणि कारण न विचारता बाहेर जायची मुभा दे.

कायद्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ वाचून घे. ते पुरुषाने स्त्रीचा पाठलाग करण्यापुरतंच आहे, त्यामुळे स्टॅन त्यात बसतच नाही. इथे इंग्लंडमध्ये १९९७ च्या छळविरोधी कायद्यात २०१२ साली घातलेलं स्टॉकिंगचं कलम असा भेद करत नाही. यावर मुलं छान भांडतात, भांडू दे.

आणि एक विसरू नकोस. गाण्यात धाकट्या भावाला नाव आहे, होणाऱ्या मुलीचंही नाव ठरलंय. मैत्रिणीला मात्र नाव नाही. आपल्या ओपीडीत ती ‘सोबत आलेली’ म्हणून बाहेर बाकावर असते. तिला एकटीला आत बोलावून कोणते तीन प्रश्न विचाराल, हे मुलांकडून त्याच चिठ्ठीच्या मागे लिहून घे.

तुझी,
सुमामावशी