पट्टा लावा म्हणणारे उभेच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबई-नागपूर विमानात पैसे आधी भरूनही चहा मिळाला नाही, 'मुली मागे नुसत्या बसून होत्या', अशी एका गृहस्थांची तक्रार आपल्या अंकात वाचली. मी बरीच वर्षं केबिन क्रूमध्ये होते. मुली बसल्या होत्या हे वाचून मला तरी बरं वाटलं. आमच्या काळी उभ्याच असत्या.

पट्ट्याचा दिवा लागला की प्रवासी बसतो. क्रू मात्र पट्टे तपासत, कप गोळा करत, कुणाचं लेकरू टॉयलेटमधून परत आणत फिरत राहतो. कॅप्टनने वेगळं सांगितलं तर जंपसीट (क्रूची घडीची खुर्ची), नाहीतर चालू द्या. त्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाच्या नोंदीत २००९ ते २०२२ या काळात विमानाला बसलेल्या हादऱ्यांनी १६३ जण गंभीर जखमी झाले, त्यांतले १२९ कर्मचारी. आपल्याकडे १ मे २०२२ रोजी मुंबईहून दुर्गापूरला गेलेलं विमान उतरताना असंच हेलकावलं. प्रवाशांबरोबर तीन कर्मचारीही जखमी झाले, आणि एका प्रवाशाचा पुढे मृत्यू झाला.

झोका सगळ्यात जास्त बसतो तो शेपटीकडे, आणि मागची गॅली, म्हणजे चहा-खाण्याची तयारी करायची जागा, नेमकी तिथेच. भरलेली ट्रॉली शंभर किलोच्या घरात जाते. थांबवायला लाल पेडल, सोडायला हिरवं. एका जुलैत मुंबईला उतरताना आम्ही दोघी कचरा गोळा करत होतो. ढगात शिरताच विमान एकदम खाली गेलं. मी सीटची पाठ धरली, तिने ट्रॉली धरली. शिकवलेलंच तसं, ट्रॉली सोडायची नाही. ट्रॉली उचलली गेली आणि खाली आली ती तिच्या घोट्यावर. प्यायच्या पाण्यातला बर्फ प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून तिने पायाला लावला, आणि दार उघडल्यावर उभं राहून सगळ्यांना नमस्कारही केला. बूट काढायला नंतर दोघी लागल्या. कंपनीने तिची सुट्टी आजारपणात टाकली. 'कामावर असताना इजा' असा कागद झालाच नाही.

असे झटके क्वचितच बसतात. खांदा आणि कंबर मात्र रोज थोडी थोडी जाते. उडताना विमानाचं नाक किंचित वर असतं, त्यामुळे मागून पुढे ट्रॉली ढकलणं म्हणजे चढच. त्यात 'मॅडम, एवढी बॅग वर टाका ना'. देशांतर्गत विमानांत हातातल्या बॅगेला साधारण सात किलोची मर्यादा असते. मुलीच्या सासरी निघालेल्या बॅगेत ती कशी पाळली जाते, हे मी वेगळं सांगायला नको. आणि सर्दी झाली असताना ड्यूटी केली तर उतरताना कानात जी कळ येते, ती ज्याची त्यालाच ठाऊक.

यावर उपाय नाहीत असं नाही. २०२१ मध्ये अमेरिकेच्या अपघात चौकशी मंडळाने विमान उतरताना कर्मचाऱ्यांना लवकर बसवा असं सुचवलं. कोरियन एअरने जुलै २०२४ पासून लांबच्या मार्गांवर उतरण्याच्या चाळीस मिनिटं आधी सेवा आवरायला सुरुवात केली, आणि पुढच्याच महिन्यात इकॉनॉमीतले कप नूडल्स बंद केले, कारण उकळत्या पाण्याने भाजत होतं. आपल्या तासा-दीड तासाच्या उड्डाणांत चाळीस मिनिटं जमणार नाहीत, हे मान्य. पण विमान खाली यायला लागलं की गरम पाणी बंद आणि ट्रॉली कुलपात, एवढं डीजीसीएला, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला, सक्तीचं करता येईल. पावसाळ्यात तर नक्कीच.

दुसरं, क्रूच्या प्रत्येक दुखापतीची नोंद व्हावी आणि वर्षाचा आकडा जाहीर व्हावा. नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यातही विमानातल्या कर्मचाऱ्यांचा स्पष्ट उल्लेख होता. पण सुट्टीच आजारपणात गेली, तर भरपाई मागायची कशाच्या आधारावर?

चहाचे पैसे परत मिळायला हवेत, त्याबद्दल त्या गृहस्थांशी माझं भांडण नाही. फक्त ते कंपनीकडे मागावेत. उतरताना दारात उभ्या असलेल्या मुलीच्या हातात तो हिशेब नसतो.

आपली,
एक निवृत्त केबिन क्रू, विलेपार्ले (पूर्व)