गोधडीसारखा कोट

टोकियो, रविवार

ती. बाबांस साष्टांग नमस्कार,

आज दिवसभर तुमची आठवण काढत हिंडले. योत्सुया-सानचोमे स्टेशनाला लागूनच इथल्या अग्निशमन दलाचं संग्रहालय आहे, तिकीटही नाही. तळघरात जुने बंब ओळीनं उभे आहेत. चिरंजीव हेलिकॉप्टरमध्ये बसले ते उतरायलाच तयार नव्हते. माझा पाय मात्र एदो काळाच्या दालनातून निघेना.

टोकियोचं जुनं नाव एदो. लाकडाकागदाची, एकमेकांना खेटलेली घरं. 1657 च्या आगीत निम्म्याहून जास्त शहर गेलं, लाखभर माणसं गेली असं सांगतात. पुढे 1720 मध्ये नगरातल्या लोकांची पथकं बांधली. त्यांना आपल्या बाराखडीसारखी अक्षरांची नावं: इ, रो, हा... पण ‘हि’ वगळलं, कारण जपानीत ‘हि’ म्हणजे आग!

लाकडी हातपंप होते, पण त्यांच्या धारेनं आग विझायची नाही. म्हणून वारा बघून पुढची घरं आकड्यांनी ओढून पाडायची, आगीला खायला काही ठेवायचंच नाही. पाडणारे बहुतेक परांचीवर चढून घरं बांधणारेच गडी. कुठला खांब काढला की घर बसतं, हे त्यांच्याशिवाय कोणाला कळणार? “आधी वारा बघायचा, मग पाइप सोडायचा,” हे तुमचं वाक्य तिथे किती वेळा आठवलं! आणि एक जण पथकाचं निशाण, ‘मातोई’, घेऊन जवळच्या छपरावर उभा राहायचा. निशाण कसलं, झालरी लावलेला पंधरा-वीस किलोंचा खांबच. तो वर उभा आहे म्हटल्यावर खालचे मागे हटायचे नाहीत.

आईला सांगा, त्यांचे कोट अगदी आपल्या गोधडीसारखे आहेत. सुती कापडाचे थर, त्यावर बारीक धावदोरा. पाण्यात भिजवून, जड झालेले अंगावर चढवायचे. आतल्या बाजूला मोठा ड्रॅगन रंगवलेला. आग विझली की कोट उलटा करून तो मिरवत घरी जायचं. एका कोटाची बाही कोपरापाशी विरली होती. तिच्यासमोर मी बराच वेळ उभी होते.

बाबा, पोटमाळ्यावर तुमचं हेल्मेट आणि पट्टा आहे. दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला देऊ नका. मी डिसेंबरात येतेय, तोवर फडक्यात गुंडाळून ठेवा.

तुमची,
ताई